जुन्या इंजिनाची खडखड

लखनौच्या अमीनाबादजवळच्या गॅरेजात दिनकरराव पुस्तकात डोकं घालून बसले होते. पण शेजारच्या खुर्चीतल्या मराठी बाईंना कमी ऐकू येत असल्याने त्यांचा नवरा ओरडूनच बोलत होता.

“लतिका, गाडीच्या इंजिनाचा ब्लॉक पार झिजलाय! दुसरं इंजिनच बसवू!”

“ते खडखडेल?”

“अजिबात नाही! चालू आहे हेसुद्धा कळणार नाही!”

“आणि हेच दुरुस्त केलं तर?”

“थोडं खडखडणारच! गल्लीभर शिव्या खातो आपण!”

“खाऊ की. दारावरची बेल मला ऐकू येत नाही. तुमची खडखड वळणावर आली, की मी चहा टाकते.”

नवरा हळूच मिस्त्रीकडे वळला. “भैया, पुराना ही बना दो.”

“काय म्हणालात?” लतिकाबाईंनी विचारलं.

“जुनंच ठेवू!”

“ओठांवरून कळलं होतं. पुन्हा एकदा म्हणा.”