पानावरच्या गाठी

भाऊजी: पाठीवरचा पंप मी उतरवणार नाही, वहिनी. बाजूला व्हा.

वहिनी: नाही होत. पहिला फवारा माझ्यावर मारा, मग कसाव्यावर.

भाऊजी: वेड्यासारखं काय बोलता? पानापानावर लाल फोड आलेत. औषधवाला म्हणाला, पंधरा दिवसांत शेत बसेल.

वहिनी: तो शेतात आला होता?

भाऊजी: फोटो दाखवला त्याला.

वहिनी: मग फोटोवर फवारा. आणि आधी हे पान धरा. उलटं करा. फोडाच्या बरोबर खाली काय दिसतं?

भाऊजी: बारीक भोक आहे.

वहिनी: आता ब्लेडनं फोड उभा चिरते. बघा.

भाऊजी: अळी आहे. पिवळी. वळवळतेय.

वहिनी: गाठमाशीची अळी. डासापेक्षा लहान माशी पानाखाली अंडी घालते. अळी आत शिरते आणि पान तिच्याभोवती गाठ धरतं. तुमचं औषध तिच्यापर्यंत पोचतच नाही. मरतात त्या तिला खाऊन जगणाऱ्या बारीक गांधीलमाश्या.

भाऊजी: हे कुठून शिकलात?

वहिनी: डब्यात पानं भरून कृषी संशोधन केंद्रात गेले. दोन बस बदलून. तिथल्या बाईंनी भिंगाखाली दाखवलं. म्हणाल्या, ज्याचा साबुदाणा होतो त्या कंदाला सहसा धोका नसतो. दर आठवड्याला गाठींची पानं खुडा आणि जाळा.

भाऊजी: मला न विचारता गेलात?

वहिनी: विचारलं असतं तर जाऊ दिलं असतं?

भाऊजी: उद्या पीक गेलं तर लोक माझ्या तोंडात शेण घालतील. दादा गेला आणि धाकट्यानं लक्ष दिलं नाही म्हणतील.

वहिनी: म्हणू देत. सहा वर्षं काडी काडी निवडून हे बेणं मी केलंय. तुमच्या भीतीपायी त्यावर विष पडू देणार नाही. पाच आठवडे द्या. नवी पानं गाठींनी भरली, तर पंप मी स्वतः पाठीवर घेईन.

भाऊजी: एकट्या किती पानं खुडाल?

वहिनी: जेवढी असतील तेवढी.

(पाच आठवड्यांनी, त्याच शेतात.)

भाऊजी: चाळीस झाडांचे शेंडे पाहिले. तीनच गाठी निघाल्या.

वहिनी: तुम्ही कधी पाहिलेत?

भाऊजी: सकाळी. तुम्ही यायच्या आधी. ती पानं खुडून जाळलीसुद्धा.

वहिनी: बरं केलंत.

भाऊजी: पलीकडचे दोघं विचारत होते, कोणतं औषध मारलं म्हणून.

वहिनी: काय सांगितलंत?

भाऊजी: म्हटलं, मला काय विचारता? शेत वहिनींचं आहे.