तात्याबाचे जावई

सुप्याच्या बनुबाई लेकासाठी मुलगी बघायला निघाल्या होत्या. पारनेरच्या स्टँडवर लेक चहा आणायला गेला, तेवढ्यात मागच्या बाकावरचे दोघे गावाच्या हुतूतूच्या संघावरून हमरीतुमरीवर आले.

"सहादेवा, त्या तात्याबाला आता काढ. गुडघं वाजत्यात त्याचं."

"वाजू दे. त्याच्याच भोवती नवा संघ बांधायचा."

"अरं, दम न्हाई त्याला! निम्म्या चढाईत खोकतोय."

"खोकू दे. निघोजवाल्यांनी धरला का?"

"कसा धरतील? त्यांचा दांडगा गडी तात्याबाचा थोरला जावई. सासरा समोर आला की पायाच पडतोय."

"पाया पडताना हात लागला, की जावई बाद! जवळे गावच्या संघात मधला जावई, तिथं बी तेच."

"पन फायनलला सुप्याचा बजरंग हाय. त्याची पकड लई चिवट. त्याचं काय?"

"म्हनून तर धाकटी राखून ठिवली. आज बघायला येत्यात."

बनुबाईंनी ओटीचा नारळ पदराखाली घेतला. लेक चहा घेऊन आला, तशा त्या त्याच्या कानाशी लागल्या.

"बजरंगा, पोरगी कितीबी आवडू दे. होकार फायनल झाल्यावर द्यायचा."