अर्धी गोळी

नेत्रा : खाडीत पडली?

रंगू : व्हय मॅडम. जेटीवर पाय घसरला नि पिशवी गेली. गोळ्यांची बाटली त्यातच. म्हणून म्हटलं, या वेळेला एक बाटली जास्तीची द्यायला सांगा.

नेत्रा : मागच्या वेळी उंदरांनी नेली होती.

रंगू : मासळीचं घर हाय. उंदीर यायचेच.

नेत्रा : रंगूताई, घरात बोंबील असताना उंदीर एचआयव्हीची गोळी पळवतो, हे मी पहिल्यांदाच ऐकलं. बसा. दार लावलंय, बाहेर काही ऐकू जात नाही. डॉक्टरांनी तुमचा रिपोर्ट माझ्याकडे पाठवलाय.

रंगू : तुमच्याकडं कशाला? तुमी मनाच्या डॉक्टर. मला काय याड लागलंय?

नेत्रा : माझ्याकडे येणाऱ्या सगळ्यांना लागलेलं नसतं. माणसं गोळ्या मध्येच का सोडतात, तेव्हा त्यांच्या मनात काय चाललेलं असतं, यावर माझं संशोधन चालू आहे. मागच्या खेपेला तुम्हीच नाही का उत्तरं दिलीत? गोळी विसरता का, तर नाही. झोप लागते का, तर लागते. जिवाला घोर आहे का, तर मुळीच नाही.

रंगू : मग? बरंच हाय की सगळं.

नेत्रा : रक्तात विषाणू वाढलेत. इतकी वर्षं तपासणीत सापडत नव्हते, एवढे कमी होते. आता सापडतात, आणि भरपूर.

रंगू : मशीन बिघडली असंल.

नेत्रा : दोनदा तपासलं. आजची गोळी घेतलीत?

रंगू : रात्रीला घेते ना. ही काय, कनवटीला हाय. घरी जायला उशीर झाला तर असावी, म्हणून बांधून आणली.

नेत्रा : बघू. सोडा गाठ. ...ही अर्धी आहे.

रंगू : मोठी हाय ती. गिळत न्हाय. कोयतीनं दोन तुकडे करते.

नेत्रा : दुसरा तुकडा कुठे?

रंगू : खाल्ला.

नेत्रा : कधी?

रंगू : सकाळी.

नेत्रा : आत्ताच म्हणालात, रात्री घेते.

रंगू : तुमी पोलिसावानी काय विचारता मॅडम?

नेत्रा : खरंय. चुकलं माझं. चिडले की मी अशीच बोलते. पण रंगूताई, उरलेली अर्धी कोण खातं?

रंगू : द्या ती गोळी हिकडं, बांधून ठेवते.

नेत्रा : तुमचा शुभम तर नाही ना?

रंगू : त्याचं नाव काढू नका! माझा पोर चांगला हाय. लहानपणीच तपासून घेतलाय. वैशाखात लगीन हाय त्याचं, थळच्या प्रणालीसंगती. त्याला यातलं काय ठावं पण न्हाय.

नेत्रा : मग कोण?

रंगू : ठमी.

नेत्रा : ठमी कोण?

रंगू : माझ्या नवऱ्याची. बुधाजीची. खाडीपल्याड ठेवली होती त्यानं. सगळ्या कोळीवाड्याला ठावं. मला तर समद्यांच्या आधी ठावं.

नेत्रा : आणि तिलाही...

रंगू : एकाच ताटातलं जेवलो ना दोघी. तो गेला तवा गावाला सांगितलं, कावीळ झाली. गावानं ऐकलं. मग मी इथं यायला लागले, सुकी मासळी विकायच्या नावाखाली. मागच्या शिमग्याला कळलं, ठमी माझ्या नवऱ्याचं सोन्याचं बटण मोडतेय. गेले भांडायला. अशी तावातावानं गेले! बघते तर काय, दारात बसलेली, गळ्याची हाडं वर आलेली. पनवेलला जाऊन तपासून आलेली, कागद उशाखाली घालून पडून ऱ्हायलेली. तोंडातली शिवी तोंडातच राह्यली माझ्या. कनवटीची गोळी काढली, तिथंच मोडली नि दिली अर्धी.

नेत्रा : तेव्हापासून रोज?

रंगू : रोज जाते पुलावरनं. तुमी तळा गावच्या, भातशेतीवाल्या, तुमाला न्हाय कळायचं. आमच्यात खलाशी तापानं घरी पडला ना, तरी होडीतला त्याचा वाटा त्याच्या घरी जातो. वाटा मारला तर दर्या जाळं रितं पाठवतो.

नेत्रा : मासळीचा वाटा होतो, रंगूताई. गोळीचा नाही होत. अर्ध्या गोळीनं विषाणू मरत नाही. साप अर्धवट मारला तर काय करतो?

रंगू : डूख धरतो.

नेत्रा : तसंच. तुमच्या अंगात धरलाय, तिच्याही धरला असणार. कदाचित ही गोळी आता तुम्हाला चालणारच नाही, दुसरी औषधं द्यावी लागतील. तुम्ही तिला जगवत नाही आहात. दोघी मिळून थोड्या थोड्या मरताय.

रंगू : म्हणून तर जास्तीची बाटली मागते! तिला पुरेना झालंय. खोकते, ताप उतरत न्हाय. तिला अख्खी दिली की मी अख्खी खाईन.

नेत्रा : पण तिला इथे का नाही आणत? तिची वेगळी बाटली मिळेल. फुकट. हक्काची.

रंगू : ती इथं न्हाय यायची.

नेत्रा : घाबरते?

रंगू : मीच सांगितलंय. पायरी चढायची न्हाय म्हणून.

नेत्रा : तुम्ही?

रंगू : मी. शपथ घातलीय तिला. या दवाखान्यात रेवदंड्याची, चौलची, कोर्लईची माणसं येतात. ठमी या खोलीच्या दारात दिसली की संपलं. ठमीला हा आजार, म्हणजे बुधाजीला हाच होता. बुधाजीला होता, म्हणजे रंगूला पण हाय. लहान पोर पण हिशोब करील. मग थळवाले कशाला देतील पोरगी?

नेत्रा : शुभमला काही झालेलं नाही. तपासणी आहे तुमच्याकडे.

रंगू : लोक तपासणी न्हाय बघत, बाय. आई बघतात.

नेत्रा : ...हो. बघतात. गावाचं तोंड मला धरता यायचं नाही, ते खोटं आश्वासन देत नाही. पण आमच्याकडून नाव बाहेर जात नाही. इतकी वर्षं तुमचं गेलं?

रंगू : न्हाय गेलं.

नेत्रा : आणि ठमीला इथे नकोच असेल, तर औषधासाठी पनवेलला नोंद करून देते. एवढी सोय असताना तुम्ही तिला अर्ध्या गोळीवर का ठेवलंत?

रंगू : तू चिडलीस परत.

नेत्रा : चिडले.

रंगू : सांगू? पनवेलचं मला ठावं होतं. ती स्वतःच बोलली होती, गोळ्या आणायला जाऊ का म्हणून. मी म्हटलं, राहू दे, मी देते ना.

नेत्रा : का?

रंगू : पोराशी बोलता येत न्हाय. भैनीशी बोलता येत न्हाय. बाजारात हसून बोलायचं, घरात हसून बोलायचं. तिच्या दारात बसलं की हसावं लागत न्हाय. अर्धी गोळी ती खाते, अर्धी मी. मग बुधाजीला दोघी मिळून शिव्या घालतो. मग मला झोप लागते. तिची तिला बाटली मिळाली तर मी कंच्या तोंडानं जाऊ तिच्या दारात? सवतीकडं कोन रोज जातं?

नेत्रा : मी तुम्हाला विचारलं होतं, झोप लागते का. कशानं लागते, ते विचारायला हवं होतं.

रंगू : विचारलं असतंस तरी न्हाय सांगितलं असतं.

नेत्रा : लग्नात उभं राहायचंय ना तुम्हाला? हळद लावायचीय?

रंगू : त्यासाठीच तर सगळं.

नेत्रा : मग आज ठरवा. ठमीला कधी आणता?

रंगू : आणलीय.

नेत्रा : म्हणजे?

रंगू : फाटकाबाहेर चिंचेखाली बसलीय, टोपली घेऊन. रिक्षात माझ्या खांद्यावर मान टाकून आली. अंगात ताप. वाटलं, बाटली घेते नि बाहेरच्या बाहेर देते.

नेत्रा : बोलवा तिला.

रंगू : आणि कोनी बघितलं तर?

नेत्रा : तर बघितलं. ते मी थांबवू शकत नाही, रंगूताई. तुम्ही ठरवा.

रंगू : ...चपला कुठं गेल्या माझ्या?

(रंगू बाहेर जाते. काही वेळाने ठमीच्या दंडाला धरून आत येते.)

ठमी : तूच म्हणालीस ना, पायरी चढू नको म्हणून?

रंगू : आता मीच चढवली ना? बस तिथं. या मॅडम. रागीट हायत, पण माणूस बरं हाय.

नेत्रा : बसा ठमीताई. ताप बघू. ...आज आधी डॉक्टरांना दाखवायचं, खोकल्याची तपासणी करायची. गोळी कोणती नि कधी सुरू करायची, ते डॉक्टर सांगतील. आजपासून रंगूताईंची गोळी खायची नाही. तुम्हीही द्यायची नाही, रंगूताई.

ठमी : म्हणजे ही आता येनार न्हाय माझ्याकडं?

रंगू : गोळी नसली म्हणून काय झालं? शिव्या घालायच्या राह्यल्यात अजून त्याला.

ठमी : लोक बोलतील.

रंगू : आज रिक्षात बघितलं त्यांनी. सवतींचं भांडण मिटलं, असं बोलतील. बोलू दे.

नेत्रा : नोंद इथे करू की पनवेलला?

ठमी : पनवेलला. हिच्या पोराचं लगीन हाय.

रंगू : या तापात एसटीनं पनवेल करनार? हितंच करा, मॅडम.

ठमी : गो, पन शुभम...

रंगू : शुभमला मी आज सांगते. दुसऱ्या कोनाकडनं कळण्यापेक्षा आईकडनं कळलेलं बरं. मग थळला काय सांगायचं, ते त्याचं तो ठरवील. मॅडम, सांगताना तुमी बसाल ना संगती?

नेत्रा : बसेन. घेऊन या त्याला. ठमीताई, तुमच्या नोंदीत जवळचं एक माणूस लागतं. गोळी वेळेवर घेताय का, हे बघणारं. कोणाचं नाव घालू?

ठमी : कोन न्हाय मला.

रंगू : माझं घाला.

नेत्रा : रंगू बुधाजी. नातं काय लिहू?

ठमी : बहीण लिवा, मॅडम.

रंगू : बहिणीला कोन अर्धी गोळी देतं? सवत लिव, बाय.