कुंपणाची काडी

शेतवाली : कुलूप दिसतंय ना, शिंपीकाका? मग हलवून काय बघताय?

शिंपी : उघड.

शेतवाली : नाही. नदीवर जाणाऱ्यांनी माझं कुंपण पोखरलंय. कुणाला हातात काठी हवी, कुणाला चुलीला काटक्या. वाट बंद!

शिंपी : पीक घरात आलं, पेरणीला अजून महिना आहे. तोवर शेतातल्या पायवाटेनं लोकांना जाऊ द्यावं, हे आपल्या ज्यूंच्या जुन्या धर्मगुरूंनी, राब्बींनी कधीच ठरवून दिलंय. तुझं काही झिजत नाही, दुसऱ्याचं भागतं. तरी नाही म्हणायचं, ही धर्मग्रंथातल्या त्या आपमतलबी सदोम शहराची रीत.

शेतवाली : सिनेगॉगमध्ये तुमच्या मागच्याच बाकावर बसते मी. आणि माझ्याच फाटकावर येऊन मला सदोमवाली म्हणता?

शिंपीणकाकू : मनाला लावून घेऊ नकोस, पोरी. मी पंखा बंद केला की मलाही म्हणतात.

शेतवाली : काकू, मोठ्या रस्त्यानं जा की.

शिंपीणकाकू : एवढा वळसा, हा गुडघा घेऊन? पुढच्या महिन्यात ऑपरेशन आहे. नंतर चालेन की नाही, डॉक्टर लिहून देत नाही. तोवर रोज नदी बघायचीय मला.

शिंपी : रडगाणं नको. हक्कानं माग.

शेतवाली : आणि माझ्या कुंपणाचा हक्क?

शिंपी : त्यासाठीच आलोय. ही घे.

शेतवाली : काडी?

शिंपी : परवा डबा खाल्ल्यावर दात कोरायला तुझ्या कुंपणातून उपटली. घरी गेल्यावर आठवलं, एका राब्बींनी सोबतच्याला दुसऱ्याची एवढीशी काडीही घेऊ दिली नव्हती. प्रत्येकानं एकेक नेली तर कुंपण उरेल का?

शेतवाली : म्हणजे चोर सापडला!

शिंपी : सापडला नाही. आपल्या पायांनी आलाय.

शिंपीणकाकू : दात कोरलेली काडी परत देताय, धुतली तरी का?

शिंपी : उकळलीय.

शेतवाली : (हसू दाबत) हिनं भगदाड बुजणार?

शिंपी : पिशवीत तार आहे, खुंट आहेत. कुंपण मी सांधतो. पण ते माझं देणं. वाट हे तुझं देणं. दोन्हींची गाठ मारू नकोस.

शेतवाली : आणि नाही उघडली तर?

शिंपी : तरी सांधीन. मग इथंच बसेन. फाटक ओलांडणार नाही आणि हलणारही नाही.

शिंपीणकाकू : मी तर घडीची खुर्चीच आणलीय.

शेतवाली : तार अशी धरतात? शिवणाचा दोरा आहे का तो? सरका, मी ताणते. काकू, ही किल्ली. आमचं होईपर्यंत तुम्ही व्हा पुढं.

शिंपीणकाकू : पेरणी लागली की आणून देईन हो. मला चालता नाही आलं, तर हे देतील.