हिरालालचं न गेलेलं टपाल

आबा, सुनंदावहिनी आणि हिरालालसाठी इथे जमलेल्या सगळ्यांनो,

मला बोलायला लावू नका, असं मी सकाळी म्हणालो होतो. तरी उभा राहिलोय. हे दुसरं कोणी सांगू शकणार नाही.

आपल्या कॉलेजची कॉम्प्युटर लॅब मी आणि हिरालालने लावली. तेव्हा जळगावात इंटरनेट कुठलं! प्रत्येक मशिनला आकड्यांचा एक पत्ता लागतो. मी एका परदेशी विद्यापीठाच्या पुस्तकातले, उदाहरणाला दिलेले पत्ते जसेच्या तसे उतरवले. हिरालाल म्हणाला, "भाऊ, हे त्यांचे खरे पत्ते आहेत. घरातल्या घरात वापरायला वेगळे राखून ठेवलेत, ते घ्या." मी म्हणालो, "आपल्याला कोण विचारतंय?"

मग दोन वर्षं खपून त्याने एक लायब्ररी, म्हणजे तयार प्रोग्रामचा संच, लिहिला, कुठल्याही प्रोग्रामरला आपल्या कामात जोडता येईल असा. पत्ता दिला की ती सांगणार: हा घरातला, हा मशिनचा स्वतःचा, हा पुढच्यासाठी राखीव, हा बाहेरचा. त्या पुस्तकवाल्यांनाच ती पाठवायची, एवढंच त्याचं स्वप्न.

इंटरनेट आलं. त्याने विचारलं, "बठ्ठा पत्ता बदली टाकात ना, भाऊ?"

मी म्हणालो, "बठ्ठा."

खोटं बोललो, सगळे बदलले नव्हते. बाहेरचं टपाल ज्यातून जातं ते मुख्य मशिन राहिलं होतं, त्यावर पुस्तकातलेच पत्ते होते. उद्या करू, उद्या करू, आणि राहूनच गेलं.

दीड वर्षापूर्वी त्याने त्या विद्यापीठाला ईमेल पाठवली. मुख्य मशिनला वाटलं, हा पत्ता तर आपल्याच लॅबमधला. ते तिथेच शोधत बसलं. टपाल गेलं नाही, अशा सूचना माझ्या नावावर येत होत्या. मी एकही उघडली नाही. आणि उत्तर आलं का, म्हणून रोज मीच त्याला विचारायचो, "जवाब उना का?" तो हसायचा. "नही उना." पुढे हसणंही थांबलं.

वहिनी, तो तुम्हाला म्हणाला होता ना, माझ्या कामात दम नसेल म्हणून उत्तर येत नाही? दम होता हो. दम होता. त्याची ईमेल कॉलेजच्या बाहेर गेलीच नव्हती.

दहा दिवसांपूर्वी छातीत कळ आली आणि तो गेला. त्यानंतर मी मशिन तपासलं. पत्ता बदलला. त्याची ईमेल पाठवली. पाच मिनिटांचं काम होतं.

काल उत्तर आलं. काम उत्तम आहे, गेल्या वर्षी आम्ही हेच शोधत होतो, आता दुसऱ्या कोणाचं घेतलंय.

माफी कोणाकडे मागू? दोन मिनिटं शांत उभे राहू या. नंतर मला कोणी धीर देऊ नका.

हिरालाल, जवाब उना रे, भो.