मला सूपच आवडतं

हॅलो? … कोण, नेली? बोल गं. … गिऱ्हाईक आहे, पण तू बोल. … कासेरा, कोंबडीचे पाय वेगळे बांधू का? … हां, बोल. रिपोर्ट आला?

… अगं, हिमोग्लोबिन मागच्यापेक्षाही खाली? सातव्या महिन्यात? गोळ्या घेतेयस ना?

… मळमळतं तर रात्री झोपताना घे. पण सोडायच्या नाहीत. … हो, शौचाला काळंच होतं. लोखंड आहे ते, घाबरू नकोस. … कशाबरोबर? कॉफीबरोबर? अगं बाई! कॉफी त्या गोळीला अंगी लागूच देत नाही. पाण्यात लिंबू पीळ, त्याबरोबर घे.

… बीट? लाल आहे म्हणून रक्त वाढतं होय? मग टोमॅटो खाऊन आपण सगळ्या पहिलवान झालो असतो. … हसलीस. बरं वाटलं बघ.

आणि कोंबडीच्या रक्ताची रक्ती? … वास येतो? कांदा-पुदिना जास्त घाल ना. … अगं ऐक ना… ऐक… मी इथे वांकायोच्या बाजारात सकाळपासून कोंबड्या साफ करतेय, आणि वास लिमात बसून तुला येतो!

बरं, आज जेवायला काय केलंयस? … कलेजी घातलेलं सूप? वा! किती खाल्लीस कलेजी? … नुसतं सूप? … सत्त्व सुपात उतरतं? कुणी सांगितलं? अगं, सुपात पाणी आणि चव. रक्त वाढवणारं सगळं तुकड्यांत राहतं. तुकडे कुठे गेले? … विल्मेरच्या ताटात. सगळे?

… काय म्हणालीस? … परत म्हण.

… 'मला सूपच आवडतं.'

… नाही, रडत नाहीये. … कासेरा, पलीकडच्या गाळ्यावर बघा हो, माझं जरा बंद आहे.

नेली, आई हेच म्हणायची. ह्याच शब्दांत. पातेल्यातले तुकडे बाबांना, मग आम्हा पोरांना, आणि स्वतः सुपाची वाटी घेऊन चुलीपाशी. 'मला सूपच आवडतं.' आम्हाला खरंच वाटायचं गं. तू कुठून शिकलीस? तू तर तिला पाहिलंही नाहीस.

… नाही! आई तुझ्यामुळे नाही गेली. असं पुन्हा बोलायचं नाही. तुझ्या जन्माच्या वेळी रक्त गेलं, ते बायकांचं जातंच थोडंफार. तिच्या अंगात आधीच नव्हतं. … हो. … हो राणी, म्हणून तर मी एवढी ओरडते. तू मला हवी आहेस.

फोन विल्मेरला दे. … दे म्हणते ना.

विल्मेर? … नाही रे, भांडायला नाही. … तिला मांस आवडत नाही, असं तिने सांगितलं? आणि तू ऐकलंस? लग्नाच्या आदल्या दिवशी माझ्या घरी अर्धी कोंबडी एकटीने फस्त केली तिने! … मग आजपासून तुकडे तिचे, सूप तुझं. … तुलाही कष्टाचं काम आहे, माहीत आहे मला. बाळ येऊ दे, अख्खी मेंढी कापते तुझ्यासाठी. … काढलेस तिच्या ताटात? सगळे? … गुणाचा आहेस. दे तिला.

नेली, खा आता. … नाही, फोन ठेवायचा नाही. ताटाशेजारी ठेव, मी ऐकते. … लिंबू पिळलंस? … बोलू नकोस, चाव.

… अजून एक.

… अजून.

… कसं लागतंय? … आवडलं? … माहीत होतं मला.

… आईलाही आवडत असणार गं.

… हो. … खा तू. ठेवते.