चिंचेवरचा दुसरा दोर

माझं माहेर नायगावकडचं. बाप दुसऱ्याच्या रानात सालानं कामाला होता, मी दुसरीपस्तोर शाळा केली आन् मग भावंडंच सांभाळली, काय सांगू ताई तुम्हाला, त्यात सांगण्याजोगं काई न्हाई. लग्न करून इकडं अहमदपूरच्या बाजूला आले तवा बघितलं, बांधाबांधाला चिंचा, आन् आमच्या सासऱ्याचं घर चिंचेवरच जगलेलं. गुत्तेदार शेतकऱ्याकडून झाडं फळासगट धरतो आन् उतरवायला माणसं लावतो, त्यातले आमचे सासरे, आन् मग आमचे मालक. नाव मी घेत न्हाई, तुमाला लिवायचंच तर किसन लिवा.

बाकीचे गडी नुसते चढायचे, वान्नेरावानी. आमचे मालक दोर बांधल्याबिगर न्हाई. एक दोर कमरंला, तोच झाडाला येढा मारून परत कमरंला, आन् मागं रेलून वर सरकायचं. पर चिंचेला फांद्या लई, मधी फांदी आली का दोर सोडावा लागतो, सोडून वरून बांधावा लागतो, तेवढ्या वखताला माणूस मोकळा. म्हणून ते दुसरा दोर ठिवायचे. फांदीच्या वरून दुसरा बांधायचा, झटका देऊन बघायचा, आन् मगच खालचा सोडायचा. लोक हसायचे, म्हणायचे, किसन झाडासंगं लगीन लावायलाय. हसू दे, म्हणायचे ते. लई कमी बोलायचे. दारूचा थेंब न्हाई, तंबाखू तेवढी.

त्या दिवशी सकाळी कालवडीचं दावं तुटलं. मी काय केलं, खुंटीवरचा दुसरा दोर घेतला आन् कालवड बांधली, मनात म्हणले जाताना सोडून घेते. न्हाई ध्यानात राहिलं. झाडापाशी गेल्यावर मालक म्हणले, दुसरा कुठाय गं. मी म्हणले, आवो कालवडीला बांधला की, आणू का पळत जाऊन. त्यांनी उन्हाकडं बघितलं, म्हणले, राहू दे, एकच तर झाड राहिलंय.

मी खाली चिंचा येचायले, पाठ झाडाकडं. वर मोठ्या फाट्यापाशी त्यांनी दोर सोडला आसंल आन् पाय निसटला. ओरडले न्हाईत, ताई. फांद्यांचा आवाज आला आन् मग जमिनीचा. मी वळले तर ते पडलेले, आन् वरून अजून चिंचा पडायल्या, टप टप, त्यांच्या अंगावर.

नांदेडला नेलं. डाक्टर म्हणले, मणका गेला, कमरंखाली आता काई न्हाई. महिन्यानं घरी आणलं, दारापाशी बाज टाकली, तिथं ते आठ वर्सं पडून राहिले.

आन् गावात बोलणं सुरू झालं का किसन पिऊन चढला व्हता. गुत्तेदारानंच उठवलं ते, म्हंजी त्याच्यावर काई नको यायला. गावानं लगीच मानलं, त्यांना तर येरवीच हसायचे. मला समदं ठाऊक, मी तोंड उघडलं न्हाई. उघडलं आसतं तर दोर निघाला आसता, कालवड निघाली आसती. पाणी भराय गेले का बाया म्हणायच्या, बाई गं, दारूनं तुझ्या जिंदगीचं वाटोळं केलं. मी घागर भरायची आन् मान खाली घालून यायची. ते बी बाजंवर पडून आयकायचे, कधी न्हाई म्हणले न्हाईत. मला वाटायचं, बोलायची ताकदच गेली आसंल.

येचणारीच्या मजुरीत घर चालंना. दुसऱ्या वर्सी एक दिवस म्हणले, तू चढ, मी शिकवतो. मी म्हणले, बाईमाणूस झाडावर, लोक काय म्हणतील. म्हणले, म्हणायचं ते म्हणून झालंय त्यांचं. मग घरातल्या खांबाला दोर बांधून मला उभं केलं, आन् बाजंवरून सांगायले, ढिला ठिवू नको, ढिला दोर ऐन वखताला झटका देतो. आधी वरचा बांध. आता वड. आता सोड खालचा. चुकले का परत. रोज सकाळी दोर हातातून काढून बघायचा, उंदरानं कुरतडला का, पीळ सुटला का. महिनाभर खांबच चढले म्हणा की.

पहिल्या दिवशी झाडाला लागले, पुरुषभर वर गेले आसंन, गुत्तेदार खालून हसला. म्हणला, आता दोन दोर व्हय, नवरा पिऊन पडला आन् बायकू शाणी झाली. समद्या बाया हसल्या. मला काय झालं काय म्हाईत, मी झाडाला बांधलेली, तिथूनच म्हणले, ते पिलेले नव्हते. जन्मात पिले न्हाईत. दुसरा दोर मी नेला व्हता, कालवडीला. माझ्यापायी पडले ते. गुत्तेदार बिडी पेटवून दुसऱ्या झाडाकडं गेला. मी वरची फांदी धरली, बांधला, झटका दिला, खालचा सोडला.

घरी येऊस्तोर शेजारणीनं त्यांना सांगितलं व्हतं. मी चुलीपाशी बसले तर म्हणले, सांगायची काय गरज व्हती. मी म्हणले, तुमी कामून न्हाई सांगितलं, एवढे दिवस दारुड्या म्हणून घेतलं. मग म्हणले, मला पडूनच राहायचं व्हतं, तुला गावात फिरायचं व्हतं. आन् तोंड भितीकडं केलं. खांदे हालायले त्यांचे. मी भाकर थापत राहिले, मला तिकडं जायाची हिंमत झाली न्हाई. तवा मी उठून जवळ गेले आसते तर बरं झालं आसतं, आसं अजून वाटतं.

परवाच्या साली पाठीच्या जखमांनी गेले. ताप उतरलाच न्हाई. गावातले समदे आले व्हते मातीला, गुत्तेदार बी आला, लांब उभा राहिला.

आता मी एकटीच. गुडघे धरतात, तरी औंदा चार झाडं उतरवली. रस्ता रुंद केला तवा सडकंच्या चिंचा गेल्या, आता कामच किती राहिलंय. वर गेले का जरा बसते. पहिलं घाईनं उतरायची, घरी ते दाराकडं डोळे लावून पडलेले आसायचे. आता कशाची घाई. खालून बाया म्हणतात, मावशे, झोप लागली का. मग उतरते, काय करता.

निघा ताई, ऊन कलायलंय, तुमाला लांब जायाचंय. लेकरंबाळं धडधाकट राहू देत तुमची. माझी अजून पोतंभर चिंच फोडायची राहिलीय, तेवढं करून घेते.